घाट्-को-पर् : मराठी शब्द कुठे तुटतो, जोर कुठे पडतो

वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ११.४ किलोमीटरच्या या मार्गावर बारा स्थानके आहेत, आणि मराठी उच्चाराचा जवळपास सगळा धडा त्यांच्या नावांत सापडतो. फलकावरचे ‘घाटकोपर’ पाच अक्षरांचे आहे. गाडीत कुणी ‘घाटकोपरला उतरायचंय’ म्हणाले की कानावर मात्र तीनच तुकडे पडतात : घाट्, को, पर्. ट आणि र यांच्यातला अ लिहिला जातो, बोलला जात नाही. ‘मरोळ’ फलकावर तीन अक्षरांचा, तोंडात दोन तुकड्यांचा : म-रोळ्. ‘चकाला’ लिहिताना तीन आणि बोलतानाही तीन. ‘वर्सोवा’ दोन्हीकडे तीनच, पण लिहिताना र हा ‘सो’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि बोलताना ‘व’ला चिकटतो : वर्-सो-वा.

घरात मराठी ऐकत वाढलेल्या मुलाला हे कुणी शिकवत नाही. शाळेत जाण्याआधीच ते ‘घाट्कोपर्’ म्हणू लागते. पण मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत गुजराती, तमिळ, हिंदी बोलणारी हजारो घरे आहेत. राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला आणि या घरांतली मुलेही पहिलीपासून मराठी वाचू लागली. ती मराठी शिकतात ती अक्षरांवरून. शब्द कुठे तोडायचा, कुठला अ गिळायचा, जोर कुठे द्यायचा हे पाठ्यपुस्तक सांगत नाही आणि शब्दकोशही सांगत नाही. वास्तविक याचे नियम आहेत, ते थोडके आहेत आणि शिकवता येण्याजोगे आहेत.

इटलीतल्या शाळेचा धडा

असे नियम शाळेत कसे शिकवता येतात, हे इटलीत पाहायला मिळते. तिथे शब्द तोडण्याचा धडा प्राथमिक शाळेच्या सुरुवातीलाच होतो. शब्द घ्यायचा, त्याचे उच्चारातले तुकडे पाडायचे आणि वहीत मध्ये आडवी रेघ देऊन लिहायचे. नियम मोजके असतात. एकटे व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जाते : ‘पाने’ म्हणजे पाव, तो पा-ने. दुहेरी व्यंजन मधोमध तुटते : ‘गात्तो’ म्हणजे मांजर, ते गात्-तो. स आणि त्याला लागून आलेले व्यंजन मात्र फोडायचे नाही, दोन्ही पुढच्या तुकड्यात जातात. म्हणून अंधेरीच्या कुठल्याही उपाहारगृहात मिळणारा पास्ता इटालियन वहीत ‘पा-स्ता’ असा लिहितात. मराठी जीभ त्याच शब्दाचे पास्-ता करते. पदार्थ तोच, शब्द तोच, पण दोन भाषा तो वेगळ्या जागी तोडतात.

पिझ्झ्याची गोष्ट याहून मजेची आहे. इटालियनमध्ये त्याचा मधला उच्चार ‘झ्झ’ नसून आपल्या ‘कच्चा’तल्या दंत्य च्च-सारखा आहे. तो उच्चार मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासून तयार आहे. हिंदीत वाढलेल्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. दुहेरी व्यंजनाचे महत्त्वही आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. इटालियनमध्ये ‘पाला’ म्हणजे फावडे आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. मराठीत ‘गडी’ वेगळा आणि नोटांची ‘गड्डी’ वेगळी.

तुकडे पडले की पुढचा प्रश्न जोराचा. बहुतेक इटालियन शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर येतो : काप्-पुत्-ची-नो म्हणताना ‘ची’ लांबते. जोर अगदी शेवटच्या तुकड्यावर असेल, तर त्या स्वरावर चिन्ह देणे लेखनाच्या नियमाने बंधनकारक आहे. ‘तिरामिसू’ हा गोड पदार्थ मेन्यू कार्डावर शेवटच्या स्वरावर तिरपी रेघ घेऊन येतो तो यामुळेच. बाकीच्या शब्दांत चिन्ह देत नाहीत, तिथे शब्द माहीत असावा लागतो. नाहीतर घोटाळा होतो. ‘आंकोरा’त पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर अर्थ जहाजाचा नांगर, दुसऱ्यावर दिला तर ‘अजून’. ‘कापितानो’ तर एकाच अक्षरओळीत तीन शब्द सांभाळतो : जोर ‘का’वर असेल तर ‘(त्या गोष्टी) घडतात’, ‘ता’वर असेल तर ‘कप्तान’ आणि ‘नो’वर असेल तर ‘त्याने नेतृत्व केले’. या तिसऱ्या अर्थी शेवटी चिन्ह लागते. इटालियन शब्दकोश म्हणूनच प्रत्येक शब्दात जोराची जागा दाखवतात.

कुठला अ गळतो

मराठीत पहिली अडचण अ-ची. देवनागरीत प्रत्येक व्यंजनात तो गृहीत धरलेला असतो, पण बोलताना सगळे अ उच्चारायचे नसतात. काही व्याकरणकार या दबलेल्या अ-ला ‘निभृत’ म्हणतात. तो कुठे दबतो हे तीन वाक्यांत सांगता येते. शब्दाच्या शेवटचा अ गळतो. शब्दाच्या पहिल्या अक्षरातला अ कधीही गळत नाही. मधला अ, त्याच्या मागच्या आणि पुढच्या दोन्ही अक्षरांत स्वर ऐकू येत असेल, तर गळतो. मोजणी मात्र शब्दाच्या शेवटाकडून करत यायची.

‘सडक’ हा शब्द घ्या. शेवटून पाहिले तर क-मधला अ गेला. आता ड-च्या पुढे स्वर उरला नाही, म्हणून ड-मधला अ राहिला. स तर पहिलाच, त्यामुळे तोही राहिला. उच्चार झाला स-डक्. आता ‘सडकेवर’ म्हणा. क-ला ए लागला, क बोलू लागला, आणि लगेच ड-मधला अ गळला : सड्-के-वर्. मूळ शब्द तोच, प्रत्यय लागला एवढेच, पण जो अ राहिला होता तो गेला. ‘खडक’चे ख-डक् आणि ‘खडकावर’चे खड्-का-वर् हाच खेळ दाखवतात. ‘गणपत’मध्येही ण-मधला अ गळतो : गण्-पत्.

ज्याला हे कानाने पकडता येत नाही त्याने हनुवटीखाली तळहात आडवा धरावा आणि शब्द सावकाश म्हणावा. उच्चारातल्या प्रत्येक तुकड्याला जबडा एकदा खाली येतो. ‘सडक’ला तळहाताला दोन स्पर्श होतील, ‘सडकेवर’ला तीन. फलकावर त्याच शब्दात पाच अक्षरे आहेत. पहिलीतल्या मुलालाही ही मोजणी करता येते, आणि वर्गात ती करून घ्यायला साहित्य काही लागत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. शब्द जोडाक्षराने संपत असेल, तर शेवटचा अ पुसटसा का होईना, उरतो. ‘कांजूरमार्ग’मधल्या ‘र्ग’नंतर तो ऐकू येतो, ‘भांडुप’च्या ‘प’नंतर येत नाही. ‘शब्द’, ‘वस्त्र’ या शब्दांत तो असाच टिकतो.

हे सगळे नीट ऐकणाऱ्यांत पूर्वीचे रेल्वेवालेही होते, हे आश्चर्य वाटेल पण खरे आहे. १८६७ मध्ये विरारहून बॅक बेकडे गाडी सुरू झाली, तेव्हाच्या इंग्रजी नोंदींत अंधेरी ‘अंदारू’ आणि बोरिवली ‘बेरेवला’ अशी सापडते. ऐकणाऱ्याने जे कानावर पडले ते कसेबसे रोमन अक्षरांत बसवले होते. पुढे मात्र रेल्वेच्या इंग्रजी लेखनात ‘बोरिव्ली’, ‘कांदिव्ली’, ‘डोंबिव्ली’ अशी रूपे रुळली, व आणि ल यांच्या मध्ये काहीच नाही. डोंबिवलीचे ते लेखन महापालिकेच्या इंग्रजी नावात आजही तसेच आहे. मराठीत तेच बरोबर आहे. बो-रिव्-ली असे तीन तुकडे पडतात, व-मधला अ दोन स्वरांच्या मध्ये सापडून गळतो. उलट इंग्रजी फलकावर मध्ये ‘ए’ हे अक्षर आले की नवखा माणूस त्याचा आ करतो, आणि रिक्षावाल्याला ‘बोरीवाली’ सांगतो.

दर्या आणि दऱ्या

मराठीत जोर अर्थ बदलत नाही, असे सर्रास सांगितले जाते. इटालियन ‘आंकोरा’सारख्या जोड्या आपल्याकडे नाहीत, असाही समज आहे. मेट्रोच्या एका टोकाला असलेल्या वर्सोवा कोळीवाड्यातून आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून हा समज खोडता येतो.

वर्सोव्याचा कोळी ज्यावर होडी घालतो तो दर्या. बोरिवलीच्या डोंगरात, कान्हेरी लेण्यांकडे जाताना लागतात त्या दऱ्या. पहिल्या शब्दात द-वर जोर येतो, र त्याला चिकटतो आणि शब्द दर्-या असा तुटतो. दुसऱ्यात द हलका राहतो, ‘ऱ्या’ एकसंध पुढे जातो : द-ऱ्या. फरक एवढाच की तुकडा कुठे पडला. ‘आचार्यांना’ म्हटले तर गुरुजनांना, ‘आचाऱ्यांना’ म्हटले तर स्वयंपाक करणाऱ्यांना. मराठी लिपीने हा भेद दाखवायला र-चे वेगळे रूप सांभाळले आहे. युनिकोडमध्येही त्याला स्वतंत्र स्थान आहे, खाली टिंब असलेला ऱ. मोबाइलवर आधी हा ऱ, मग हलन्त, मग य असे टंकले की ‘ऱ्य’ उमटतो. अनेक जण कळफलकावर ते सापडत नाही म्हणून ‘दर्या’च लिहून मोकळे होतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात डोंगरात समुद्र येतो.

र-ला निदान वेगळे चिन्ह आहे. ‘पुण्याला’ या शब्दाला तेही नाही. पुणे शहरात जायचे असेल तर पु हलका, ‘ण्या’ अखंड : पु-ण्या-ला. सत्कृत्याच्या पुण्याला म्हणायचे असेल तर पु-वर जोर, ण दुहेरी झाल्यासारखा : पुण्-ण्या-ला. लेखन काना-मात्रेपर्यंत सारखे, उच्चार दोन, अर्थ दोन. मुलुंडच्या पुढे ठाणे, कळवा, मुंब्रा ओलांडून येणाऱ्या दिवा स्थानकाचेही तसेच. ‘दिव्याची गाडी’ म्हणताना दि हलका असतो. ‘दिव्याची अनुभूती’ म्हणजे दैवी गोष्टीची असेल, तर दिव्-व्या असा जोर येतो. हा भेद मराठी माणूस रोज पाळतो, तरी व्याकरणाच्या तासाला तो क्वचितच समोर येतो.

पाठीमागचे सूत्र साधे आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात, म्हणजे जोर, येतो : पुण्य, दिव्य, सत्य, पत्र. मराठीत सामान्यरूप होताना य मिसळून जे जोडाक्षर तयार होते, त्याच्या आधी आघात येत नाही : पुण्याला, दिव्याला, तुझ्या, माझ्या. ‘उन्हाळा’, ‘तुम्ही’, ‘कऱ्हाड’ यांतल्या ह-मिश्रित जोडाक्षरांपूर्वीही तो येत नाही.

दूध, दुधात

मराठी शुद्धलेखनातला सर्वांत छळणारा भाग म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. ‘दूध’ दीर्घ, मग ‘दुधात’ ऱ्हस्व का? महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले. विद्यार्थी ते अठरा नियम घोकतात, विसरतात, आणि दुकानाच्या पाटीवर ‘दूधाचे दर’ उमटतात. हाच नियम उच्चारातल्या तुकड्यांच्या अंगाने पाहिला तर घोकावा लागत नाही.

‘दूध’ बोलताना ध-मधला अ गळतो, सगळा शब्द एका तुकड्यात येतो : दूध्. त्या एकुलत्या तुकड्यावर सगळे वजन, म्हणून स्वर लांबतो. ‘दुधात’ म्हटले की तुकडे दोन होतात, दु-धात्, वजन पुढे सरकते आणि मागचा उ आखडतो. वीज-विजेचा, मीठ-मिठाला, तूप-तुपात, सून-सुनेला, गरीब-गरिबाला, सगळीकडे हेच घडते. चेंबूर दीर्घ, पण ‘चेंबुरात’ ऱ्हस्व. भांडुप या नावाची ‘भांडुप’ आणि ‘भांडूप’ अशी दोन्ही लेखने दिसतात, त्यातले दुसरे या नियमाशी जुळते. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द तेवढे नियमाबाहेर राहतात : शरीर आणि शरीरात.

इटालियनमध्ये जोर सरकला की स्वर असाच आखडतो. ‘बुओनो’ म्हणजे चांगला, त्याचे भाववाचक नाम ‘बोन्ता’. ‘नुओवो’ म्हणजे नवा, नवेपणा मात्र ‘नोविता’. जोर असतो तिथे ‘उओ’ असा पसरट उच्चार राहतो, जोर पुढे गेला की नुसता ‘ओ’ उरतो. इटलीच्या शाळेत मुलांना हे सांगतात. मराठी शाळेत दूध-दुधातचे कारण सांगितले, तर लेखनाच्या निम्म्या चुका आपोआप कमी होतील.

गाताना अ जागा होतो

सकाळच्या लोकलमध्ये टाळ वाजवत अभंग म्हणणारी भजनी मंडळे उपनगरांच्या प्रवासाचा भाग आहेत. त्यांचे गाणे कान देऊन ऐकले तर एक गोष्ट लक्षात येते. बोलताना गळालेला अ गाताना परत येतो. बोलताना ‘विठ्ठल’ दोन तुकड्यांचा, विठ्-ठल्. गाताना तो सहज वि-ट्ठ-ल होतो, शेवटचा ल मोकळा सुटतो. याचे कारण अभंगाच्या रचनेत आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा-सहा-सहा आणि चार अशी बावीस अक्षरे मोजतात, आणि तिथे लिहिलेले प्रत्येक अक्षर मोजले जाते, अ दबलेला असो वा नसो.

इटालियन कवितेत मोजणी उच्चारातल्या तुकड्यांची असते. दान्तेच्या महाकाव्याची ओळ अकरा तुकड्यांची, आणि तिच्यातला शेवटचा जोर दहाव्यावर पडलाच पाहिजे. मराठीत वृत्तांमध्ये हा हिशेब लघु-गुरूंनी होतो. माधवराव पटवर्धन म्हणजेच कवी माधव जूलियन (१८९४–१९३९) यांनी ‘छंदोरचना’त मराठी वृत्तांचा मोठा पसारा मांडला. सुरेश भटांनी नव्या गझलकारांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. या हिशेबात ‘घर’ म्हणजे दोन लघू अक्षरे, मात्रा दोन. बोलताना ‘घर्’ हा एकच तुकडा, पण बंद आणि म्हणून जड, त्याच्याही मात्रा दोनच. अ गळाला तरी वजन गेले नाही. बोली मराठी आणि कवितेची मराठी यांची सांगड याच जागी बसते, आणि म्हणून मराठी गझल वाचताना कान अडखळत नाही.

करण्यासारखे

मोबाइलवर मजकूर वाचून दाखवणारा आवाज, स्थानकावरची यंत्रातून होणारी घोषणा, दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचे वाचणारी प्रणाली, या सगळ्यांना अ कुठे गाळायचा हे सांगावे लागते. न सांगितल्यास ती ‘घा-ट-को-प-र’ म्हणतील. यंत्रासाठी लिहून ठेवलेले हे नियम माणसाच्या मुलांपर्यंत का पोहोचू नयेत?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. त्या दर्जाला साजेसे एक काम फार खर्चाचे नाही. विद्यार्थ्यांच्या मराठी शब्दकोशात शब्दापुढे त्याचे उच्चारातले तुकडे छापावेत, आधी आघात येणारी आणि न येणारी जोडाक्षरे वेगळी दाखवावीत. पहिली-दुसरीच्या पाठ्यपुस्तकात एक पान त्यासाठी द्यावे. तोवर शिक्षकांनी वर्गातल्या मुलांकडून रोज येण्याजाण्याच्या वाटेवरची नावे हनुवटीखाली हात धरून म्हणवून घ्यावीत : अं-धे-री, बो-रिव्-ली, मु-लुंड्, घाट्-को-पर्. आणि शेजारी नव्याने मराठी शिकणारा कुणी ‘बोरीवाली’ म्हणाला, तर त्याला हसू नये. नियम सांगावा, तो एका मिनिटात सांगून होतो.